निवृत्त तेलवाहिनीखालच्या मातीची नोंद : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : वापरातून काढलेल्या तेलवाहिन्यांच्या पट्ट्यातील मातीची तपासणी आणि तिच्या निष्कर्षाची कायमस्वरूपी नोंद

महोदय,

जमिनीखालून जाणारी तेलवाहिनी सुरू करण्यासाठी मोजणी, अधिसूचना, नुकसानभरपाई, दाबचाचणी आणि परवानग्या अशा अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीचा कागद कोणत्या ना कोणत्या कार्यालयात शिल्लक राहतो. तीच वाहिनी काही दशकांनी वापरातून काढली जाते तेव्हा ती रिकामी करणे, आतून धुणे, चालू जाळ्यापासून तोडणे आणि टोके बंद करणे एवढ्यावर काम संपले असे मानले जाण्याचा धोका असतो. वास्तविक या सर्व क्रिया नळाविषयी आहेत, नळाखालच्या मातीविषयी नाहीत. प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन असे की, मातीची तपासणी ही वाहिनी निवृत्त करण्याच्या प्रक्रियेतील शेवटची, स्वतंत्र आणि सक्तीची पायरी असावी, आणि तिचा निष्कर्ष त्या जमिनीच्या अधिकार अभिलेखात उतरावा. कुठे खणायचे हे ठाऊक असलेली माणसे आणि नकाशे वाहिनीबरोबरच निवृत्त होतात, आणि त्यानंतर केलेली तपासणी, ती कितीही उत्तम यंत्रांवर झाली तरी, चुकीच्या जागेची अचूक तपासणी ठरू शकते.

हा विषय मंडळापुढे आताच मांडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण वयाचे आहे. माहुल-तुर्भे येथील तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ पासूनचे आहेत, मुंबई हाय क्षेत्रातील उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले, तेथील तेल उरणमार्गे तुर्भ्याला आणणाऱ्या आणि तयार इंधन मुंबईहून मनमाडकडे व पुणे-सोलापूरकडे नेणाऱ्या वाहिन्या त्यानंतरच्या काळात उभ्या राहिल्या. तेव्हा एखादा तुकडा बदलणे, मार्ग वळवणे किंवा जुना नळ तसाच जमिनीत सोडून शेजारी नवा टाकणे, हे प्रश्न येत्या काळात वाढतच जाणार आहेत. दुसरे कारण कायद्याचे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून, त्यांनुसार दूषित झाल्याचा संशय असलेल्या स्थळांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे आणि राज्य मंडळाने अशा स्थळाचे प्राथमिक मूल्यमापन ९० दिवसांत करायचे आहे. समुद्रातील तेलप्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर आहे, पण जमिनीत मुरलेल्या तेलाला तशी सूट नाही. प्रश्न एवढाच उरतो की, जी वाहिनी कोणालाच दिसत नाही तिच्याविषयी संशय घ्यायचा कोणी.

संशय घेणे अवघड का आहे, हे वाहिन्यांचा कायदा पाहिल्यावर स्पष्ट होते. देशातील तेलवाहिन्या प्रामुख्याने ‘पेट्रोलियम व खनिज वाहिन्या (जमिनीतील वापर हक्क संपादन) अधिनियम, १९६२’ याखाली टाकल्या जातात. या कायद्याने जमीन संपादित होत नाही, तर जमिनीखालून नळ टाकण्याचा आणि त्याची देखभाल करण्याचा हक्क तेवढा संपादित होतो. मालकी शेतकऱ्याचीच राहते, पीकही तोच घेतो, पण त्या पट्ट्यात त्याला बांधकाम करता येत नाही, विहीर किंवा तळे खणता येत नाही, बंधारा घालता येत नाही आणि झाड लावता येत नाही. या हक्काच्या मोबदल्यात त्याला अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते आणि प्रत्यक्ष कामामुळे झालेले नुकसान वेगळे भरून दिले जाते. हक्काची नोंद सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेतली जाते.

ही बंधने शेतकऱ्याला जाचक वाटतात आणि ती जाचक आहेतही, परंतु मातीच्या दृष्टीने पाहिले तर वाहिनी चालू असेपर्यंत तीच त्याचे संरक्षण करीत असतात, कारण जिथे विहीर खणायलाच मनाई आहे तिथे दूषित पाणी उपसले जात नाही आणि जिथे घर उभे राहू शकत नाही तिथे तेलाची वाफ घराच्या जोत्यातून आत शिरत नाही. वाहिनी निवृत्त झाली, वापर हक्क सोडून दिला गेला आणि फेरफाराने नोंद कमी झाली की, विहीर, घर आणि फळबाग या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी शक्य होतात. मातीतील तेल त्या दिवशी कमी झालेले नसते, फक्त त्याच्याशी माणसाचा संबंध येण्याची वाट मोकळी झालेली असते. अशा वेळी नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात असली तरी, नळ उखडून नेल्यानंतर किंवा त्याचा मार्गच विस्मृतीत गेल्यानंतर ‘गळती याच वाहिनीतून झाली’ हे सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात जमीनधारकावरच येऊन पडते.

निवृत्त वाहिनीचे पुढे काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सापडते. तेथील बेकर्सफील्डजवळचे कर्न रिव्हर हे तेलक्षेत्र १८९९ मध्ये सापडले, आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरील रिचमंडच्या कारखान्यापर्यंत सुमारे ४५० किलोमीटर लांबीची आठ इंची वाहिनी १९०३ मध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनीने पूर्ण केली; पुढे असोसिएटेड ऑइल कंपनीनेही त्याच भागातून आपल्या वाहिन्या नेल्या. कर्न रिव्हरचे तेल अतिशय जड आणि घट्ट असल्यामुळे ते तापवून पातळ करावे लागे, त्यासाठी मार्गावर थोड्याथोड्या अंतराने पंप आणि भट्ट्या असलेली ठाणी होती, आणि काही नळांच्या आतील भिंतीवर बंदुकीच्या नळीप्रमाणे आटे पाडून पाण्याच्या फिरत्या थरातून तेल सरकवण्याची युक्तीही त्या काळात वापरली गेली. पहिली वाहिनी १९४० च्या दशकात बंद झाली, दुसऱ्या कंपनीच्या वाहिन्या १९७० च्या दशकात. काही ठिकाणी नळ काढून नेण्यात आले, काही ठिकाणी ते जागेवरच सोडण्यात आले.

या इतिहासातील तीन तपशील मंडळाने विशेष ध्यानात घ्यावेत असे आहेत. पहिला असा की, वाहिन्या वापरातून गेलेल्या असल्यामुळे, खोदकामापूर्वी जमिनीखालच्या नळ-तारांची माहिती देणाऱ्या तेथील सामाईक यंत्रणेच्या नकाशावर त्या दिसत नाहीत. म्हणजे कायदा पाळून, चौकशी करून खणणाऱ्या ठेकेदारालाही त्यांचा पत्ता लागत नाही. दुसरा असा की, पोलादी नळांना गंज लागू नये म्हणून त्यांच्यावर कोळशाच्या डांबराचा लेप आणि ॲस्बेस्टॉसयुक्त नमद्याचे वेष्टण असे, त्यामुळे तेल एक थेंबही न गळता माती दूषित होण्याची शक्यता राहते, आणि केवळ तेल शोधणारी तपासणी हे दूषण पाहूच शकत नाही. तिसरा तपशील पद्धतीचा आहे : या जुन्या कंपन्यांचा वारसा आज ज्या शेवरॉन कंपनीकडे आहे, तिच्या पर्यावरण विभागाकडून ट्रेसीसारख्या वाढत्या शहरांच्या नियोजन खात्यांना, नव्या वसाहतीचा वा रस्त्याचा प्रस्ताव जाहीर झाला की, ‘या जागेतून पूर्वी वाहिनी गेलेली आहे’ असे कळवणारी पत्रे जातात, आणि त्यांत असेही नमूद असते की, ज्ञात गळतीच्या अनेक ठिकाणी झालेल्या तपासण्या व आरोग्यधोक्याची मूल्यमापने पाहता अशी माती घातक कचऱ्याच्या वर्गात मोडत नाही आणि तिच्यामुळे आरोग्याला लक्षणीय धोका नाही.

हा निष्कर्ष संशयाने उडवून लावण्याजोगा नाही, कारण त्यामागे रसायनशास्त्र आहे. जड कच्च्या तेलात चटकन उडून जाणारे आणि पाण्यात विरघळणारे हलके घटक मुळातच कमी असतात, जे असतात तेही अनेक दशकांत उडून जातात किंवा जिवाणूंच्या भक्ष्यस्थानी पडतात, आणि उरते ते काळे, चिकट, जागचे फारसे न हलणारे द्रव्य. परंतु हा गुण त्या विशिष्ट तेलाचा आणि त्याच्या वयाचा आहे. तो वाहिनी निवृत्त करण्याच्या पद्धतीचा नाही, आणि म्हणूनच तो निष्कर्ष दुसऱ्या वाहिनीला लावता येत नाही. महाराष्ट्रातून ज्या वाहिन्या जातात त्यांपैकी अनेकांत तयार पेट्रोल, डिझेल आणि केरोसीन वाहते. मुंबई हायचे कच्चे तेलही कर्न रिव्हरच्या तेलाच्या तुलनेत पुष्कळच हलके आहे. कॅलिफोर्नियातील मातीने दिलेले आश्वासन मनमाडच्या किंवा सोलापूरच्या वाटेवरील मातीला देण्यापूर्वी तिला तिचे स्वतःचे प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

ते प्रश्न कोणते, हे समजण्यासाठी पेट्रोलियम म्हणजे एक पदार्थ नसून हजारो संयुगांचे मिश्रण आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ असा जो एकच आकडा येतो तो प्रति किलोग्रॅम मातीत अशी किती मिलिग्रॅम संयुगे आहेत हे सांगतो. पण तोच आकडा डांबरासारख्या निश्चल पदार्थामुळेही येऊ शकतो आणि पेट्रोलमुळेही येऊ शकतो, आणि या दोहोंच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून कॅनडाच्या मानकांनी या मिश्रणाचे कार्बन-अणूंच्या संख्येनुसार चार गट पाडले आहेत : ६ ते १० अणूंचा पेट्रोलसदृश गट, १० ते १६ अणूंचा केरोसीनच्या आसपासचा गट, १६ ते ३४ अणूंचा जड डिझेल व वंगणाचा गट, आणि त्यापुढचा डांबरी गट. प्रत्येक गटाची मर्यादा जमिनीच्या वापरानुसार आणि मातीच्या पोतानुसार वेगळी आहे, म्हणजे शेतीची, घराची आणि कारखान्याची जमीन एकाच मापाने मोजली जात नाही.

गटांच्या बरोबरीने काही संयुगे नावानिशी शोधावी लागतात. बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलीन ही चौकडी पेट्रोलमध्ये असते, पाण्यात इतरांहून सहज विरघळते, आणि तिच्यातील बेंझिन कर्करोगकारक म्हणून निश्चित झालेले असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण प्रति लिटर १० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावे असे सुचवले आहे. दुसरा समूह अनेक वलयांच्या सुगंधी हायड्रोकार्बनांचा आहे. नॅप्थलीन, बेंझो-ए-पायरीन ही त्याची उदाहरणे, आणि ती तेलातूनही येतात व नळाच्या डांबरी लेपातूनही येतात. तिसरी बाब अर्धवट विघटनाची आहे. मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी एक वाहिनी फुटून सुमारे १०,७०० पिंपे, म्हणजे अंदाजे १७ लाख लिटर कच्चे तेल जमिनीवर सांडले, सफाईनंतरही त्यातील बरेचसे तेल मातीत राहिले, आणि १९८३ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्या जागेचे दीर्घकालीन संशोधनक्षेत्र केले. तेथील अभ्यासातून निसर्गतः होणाऱ्या विघटनाची ताकद जशी दिसली, तसेच हेही दिसले की, जिवाणूंनी अर्धवट मोडलेली संयुगे मूळ तेलाहून अधिक सहजतेने विरघळतात आणि भूजलाबरोबर अधिक दूरवर जातात. प्रयोगशाळेत नमुना सिलिका जेलमधून गाळून घेण्याची एक प्रचलित रीत आहे, जिच्यामुळे पानापाचोळ्यातून आलेले नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ वगळले जातात. पण तिच्यामुळे तेलाची ही अर्धवट मोडलेली अपत्येही आकड्यातून गळून पडतात. म्हणून अहवालात गाळण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे असावेत, अशी अट मंडळाने घातली पाहिजे.

काय शोधायचे हे ठरले तरी कुठे शोधायचे हा प्रश्न अधिक कठीण आहे. शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ठरावीक अंतराने नमुने घेणे दिसायला निःपक्षपाती वाटते, परंतु गळती अशा समान अंतराने होत नाही; ती पंपाच्या ठाण्याशी, झडपांच्या खड्ड्यात, जोडांवर, नदी-नाल्याच्या आणि रस्त्याच्या ओलांडणीपाशी, उताराच्या पायथ्याशी आणि पूर्वी दुरुस्ती झालेल्या जागी होण्याचा संभव अधिक असतो. या जागा जमिनीवरून ओळखता येत नाहीत. त्या वाहिनीच्या आराखड्यात, देखभालीच्या नोंदवहीत, गंजरोधक विद्युत्प्रणालीच्या मोजणीत आणि नळाच्या आतून फिरवल्या जाणाऱ्या तपासयंत्राच्या अहवालात असतात. नळ काढून टाकलेला असला तरी ज्या चरात तो होता त्या चरातील भराव आजूबाजूच्या अस्सल मातीपेक्षा सैल असतो, आणि तेल व पाणी त्या चराच्या वाटेने गळतीच्या जागेपासून दूर सरकू शकतात. यासाठी केवळ चरातील नव्हे, तर चराच्या दोन्ही बाजूंच्या आणि तळाखालच्या न ढवळलेल्या मातीचेही नमुने लागतात.

खोलीच्या बाबतीत नायजेरियाच्या ओगोनीलँड प्रदेशाचा अनुभव मार्गदर्शक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेथील अहवालासाठी २०० हून अधिक ठिकाणे आणि वाहिन्यांचे १२२ किलोमीटरचे पट्टे पाहिले गेले, आणि ४९ ठिकाणी मातीत किमान पाच मीटर खोलीवर हायड्रोकार्बन आढळले. तेथे वरचा थर नांगरून, उलथापालथ करून जिवाणूंना विघटन करू देण्याची पद्धत वापरली जात होती, आणि वरच्या थराच्या कसोटीवर ‘स्वच्छ’ ठरलेली जागा खाली दूषितच राहिलेली होती. निसिसिओकेन ओगाले या वस्तीतील विहिरींच्या पाण्यात बेंझिनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक निघाले, आणि त्या विहिरींच्या जवळून एक वाहिनी गेलेली होती. वरची वीतभर माती तपासून जमिनीविषयी निर्वाळा देणे किती घातक ठरते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

महाराष्ट्रात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे, कारण येथील शेतकऱ्याला आणि कृषी खात्याला परिचित असलेली मातीपरीक्षणाची रीत पेट्रोलियमसाठी अगदी उलटी आहे. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणची वरच्या थरातील माती गोळा करतात, ती एकत्र मिसळतात, सावलीत वाळवतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतात आणि उरलेली अर्धा किलो माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्यासाठी ही रीत योग्यच आहे, पण पेट्रोलसाठी तिची प्रत्येक पायरी पुरावा नष्ट करणारी आहे : मिसळल्याने एका जागचे तीव्र दूषण दहा स्वच्छ जागांत विरून जाते, वाळवल्याने हलके घटक हवेत उडून जातात, आणि पिशवीत जे काही उरते तेही वाटेत निसटते. पेट्रोलियमसाठी नळीच्या आकाराचा अखंड मातीचा गाभा खोलीसह काढावा लागतो, त्यातून सुमारे पाच ग्रॅमचा तुकडा लगोलग हवाबंद कुपीत घालावा लागतो, कुपी बर्फाच्या पेटीत सुमारे चार अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, आणि मिथेनॉलसारखे संरक्षक द्रव्य घातलेले नसेल वा कुपी गोठवलेली नसेल तर प्रचलित अमेरिकी पद्धतीनुसार बाष्पनशील घटकांची तपासणी ४८ तासांच्या आत करावी लागते. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची अखंड लेखी साखळी, आणि वाटेत काही मिसळले नाही हे दाखवणाऱ्या कोऱ्या कुप्या, यांशिवाय आलेला ‘आढळले नाही’ हा शेरा ग्राह्य धरू नये. जागेवर वापरले जाणारे वाफमापक यंत्रही पुरेसे नाही. ते पेट्रोलची वाफ चटकन टिपते, परंतु जुन्या डिझेलसारख्या कमी उडणाऱ्या तेलाच्या बाबतीत त्याचा शून्य आकडा फसवा ठरू शकतो.

याच्या जोडीला येथील भूस्तर आणि पाऊस यांचा विचार करावा लागतो. पठारावरील काळी कसदार माती उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात आणि पावसात ती फुगून मिटते, त्यामुळे तेल मातीच्या कणाकणांतून झिरपण्याऐवजी भेगांच्या वाटेने सरळ खाली उतरू शकते आणि शेजारचा नमुना स्वच्छ निघू शकतो. त्याखालच्या बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः फटी, सांधे आणि झिजलेल्या मुरमाच्या थरातून वाहते, म्हणून दूषणाची वाट सरळ रेषेत जाईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची भूजलपातळी यांत काही मीटरांचा फरक पडतो, आणि पाण्यावर तरंगणारे तेल या चढउताराबरोबर वरखाली होत मातीचा एक जाड पट्टा माखून टाकते. ऑक्टोबरात घेतलेल्या नमुन्यात हा पट्टा पाण्याखाली दडलेला असतो, तर मे महिन्यात उघडा पडतो. म्हणून एकाच हंगामातील तपासणी अपुरी समजावी, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्या नोंदींवरून नमुन्यांची खोली आणि वेळ ठरवावी. कोकणपट्टीत आणि खाडीकाठी अडचण वेगळी आहे : तेथील कांदळवनाच्या चिखलात नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य इतके असते की, तेल नसतानाही आकडा चढू शकतो, आणि त्यामुळे वाहिनीपासून दूरच्या, पण तशाच मातीचे तुलनात्मक नमुने घेतल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

या साऱ्याला खर्च येतो, आणि वाहिनीच्या मालकाचा पहिला आक्षेप तोच असेल. त्याचे उत्तर कॅलिफोर्नियातच आव्हिला बीच या किनाऱ्यावरील गावाने दिलेले आहे. टेकडीवरील तेलसाठ्यापासून धक्क्यापर्यंत जाणारे युनोकॅल कंपनीचे नळ या गावाच्या मुख्य रस्त्याखालून गेलेले होते, त्यांतून वर्षानुवर्षे झालेली गळती १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामासाठी केलेल्या खोदकामात उघडी पडली, आणि १९९८ मधील तडजोडीनंतर समुद्रासमोरील बरेचसे गाव पाडून त्याखालची माती उपसून न्यावी लागली. माती तपासण्याचा खर्च आणि गाव उचलण्याचा खर्च यांची तुलना कोणत्याही लेखापालाला पटण्यासारखी आहे. आपल्या देशातही चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये रहिवाशांच्या बोअरवेलच्या पाण्यात इंधन उतरल्याचे आढळले आणि त्याचा माग भूमिगत वाहिनीपर्यंत गेला. तिथेही पहिली सूचना कोणत्याही मापक यंत्राने दिली नाही, ती पाणी उपसणाऱ्या माणसांच्या नाकाने दिली. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारलेले असल्यामुळे हा खर्च कोणी करायचा याविषयी वाद उरत नाही, मात्र तो मालक हयात, सक्षम आणि ओळखता येण्याजोगा असेपर्यंतच वसूल होऊ शकतो. कंपन्या विलीन होतात, विकल्या जातात, नावे बदलतात. वाहिनी निवृत्त होण्याचा क्षण हा जबाबदारी निश्चित करण्याचा सर्वांत सोपा क्षण आहे.

दुसरा आक्षेप जमीनधारकांकडून येईल आणि तो अधिक सहानुभूतीने ऐकला पाहिजे. सातबाऱ्यावर दूषणाचा शेरा आला की जमिनीचा भाव पडेल, बँक कर्ज देणार नाही, आणि ज्याने काहीच चूक केली नाही त्याचेच नुकसान होईल, ही भीती अनाठायी नाही. तिच्यावर उपाय नोंद टाळणे हा नसून नोंद पूर्ण करणे हा आहे. आज वाहिनीची नोंद कमी झालेली जमीन आणि तपासून स्वच्छ ठरलेली जमीन यांत कागदावर काहीच फरक दिसत नाही, त्यामुळे जाणता खरेदीदार दोन्हींवर सारखाच संशय घेतो आणि अजाण खरेदीदार दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो. तपासणीचा दिनांक, नमुन्यांची खोली आणि निष्कर्ष अधिकार अभिलेखात आला तर स्वच्छ जमिनीच्या मालकाच्या हाती प्रथमच आपल्या जमिनीच्या बाजूने बोलणारा पुरावा येईल, आणि दूषित जमिनीच्या मालकाच्या हाती भरपाईचा दावा करण्यासाठी वाहिनीच्या मालकानेच स्वखर्चाने तयार केलेला पुरावा येईल.

वरील विवेचनाच्या आधारे मंडळाकडे पुढील मागण्या करण्यात येत आहेत. राज्यातून जाणाऱ्या सर्व पेट्रोलियम वाहिन्यांच्या मालकांकडून, चालू आणि वापरातून काढलेल्या अशा दोन्ही तुकड्यांचे अक्षांश-रेखांशांसह नकाशे, वाहिलेल्या द्रव्याचा प्रकार, नळावरील लेपाचा प्रकार आणि ज्ञात गळत्या व दुरुस्त्या यांची माहिती मागवून तिची एक सार्वजनिक नोंदवही ठेवावी. वाहिनीचा कोणताही तुकडा निवृत्त करताना, वर वर्णिलेल्या गळतीच्या संभाव्य जागा हेरून, नळाच्या तळाखालपर्यंत, किमान दोन हंगामांत आणि मालकाच्या नियंत्रणाबाहेरील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून माती व भूजल यांची तपासणी होईपर्यंत तो पट्टा दूषित असल्याचा संशय असलेले स्थळ मानावा. तपासणीच्या कार्यपद्धतीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या संस्थेची मदत घेऊन काळी माती, मुरूम आणि खाडीचा चिखल यांसाठी स्वतंत्र सूचना तयार कराव्यात. महसूल विभागाशी समन्वय करून, वापर हक्काची नोंद कमी करण्याच्या फेरफारासोबत तपासणीचा निष्कर्ष त्याच रकान्यात किंवा शहरी भागात मिळकत पत्रिकेवर नोंदवण्याची तजवीज करावी, आणि अकृषिक परवानगी देताना तो पाहणे बंधनकारक करावे.

यांपैकी पहिल्या मागणीसाठी नव्या कायद्याची गरज नाही आणि नवा निधीही लागत नाही, एका परिपत्रकाने ती पूर्ण होऊ शकते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि केंद्राचा १९७४ चा जल अधिनियम येण्यापूर्वी, ७ सप्टेंबर १९७० रोजी हे मंडळ स्थापन केले. पाण्याच्या बाबतीत राज्याने तेव्हा केंद्राची वाट पाहिली नव्हती. २०२५ च्या नियमांत दूषित ठरलेले स्थळ कोणत्या मुदतीत स्वच्छ व्हावे याची अंतिम कालमर्यादा घातलेली नाही, त्यामुळे सफाई लांबली तरी निदान माहिती लांबू नये, एवढी खबरदारी राज्य मंडळाच्या हाती उरते. येत्या सहामाही यादीत निवृत्त वाहिन्यांचे पट्टे स्वतंत्र शीर्षकाखाली समाविष्ट करण्याच्या सूचना सर्व जिल्हाधिकाऱ्यांना आणि स्थानिक संस्थांना द्याव्यात, आणि वाहिन्यांच्या मालकांना नकाशे सादर करण्यासाठी निश्चित मुदत घालून द्यावी, ही विनंती.

कळावे.

माती आणि भूजल यांच्या प्रश्नांचा एक अभ्यासक